घरामागच्या अंगणात नेमबाजीसाठी दहा हजारांत कोणती एअर रायफल घ्यावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला: इंदुरात घरामागे पस्तीस फुटांचं अंगण आहे, तुम्हाला आणि चौदा वर्षांच्या मुलीला कागदी टार्गेटवर नेमबाजी करायची आहे, खर्चाची मर्यादा दहा हजार, आणि दुकानदार 1200 फूट प्रति सेकंद वेगाची बंदूक घ्या म्हणून मागे लागलाय.

ती घेऊ नका. अंगणातल्या नेमबाजीला वेग लागतच नाही. ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर रायफलचा छर्रा साधारण 175 मीटर प्रति सेकंद वेगाने जातो, म्हणजे 570 फुटांच्या आसपास. 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक मिळवलं ते याच 10 मीटर एअर रायफलमध्ये. तिथे दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं. एवढ्या बारीक नेमाला जर 570 फूट पुरतात, तर तुमच्या अंगणात 1200 चं काय काम?

शिवाय त्या आकड्याचा हिशोबच लावून बघा. 4.5 मिलिमीटरचा शिशाचा नेहमीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमपेक्षा किंचित जड असतो, 0.53 ग्रॅम धरा. तो 900 फूट प्रति सेकंद वेगाने सुटला की ऊर्जा होते जवळजवळ 20 जूल, आणि 1000 फुटांना 24 च्या वर जाते. आपल्याकडे बिनपरवाना एअर रायफलची मर्यादा आहे 4.5 मिलिमीटर (.177) कॅलिबर, म्हणजे नळीचं आतलं माप, आणि 20 जूल. म्हणजे 1200 चा आकडा एकतर अगदी हलक्या छर्‍याने मोजलेला आहे, नाहीतर ती बंदूक मर्यादेबाहेरची आहे. हलका छर्रा आवाजाच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला 343 मीटरच्या आसपास पोचला की उडताना डळमळतो आणि नेम विस्कटतो. त्यामुळे खोक्यावर 600 ते 800 लिहिलेली बंदूक दिसली तर तीच हातात घेऊन बघा. आणि कोणी पॉइंट टू-टू (.22, म्हणजे 5.5 मिलिमीटर कॅलिबरची) देऊ केली तर सरळ नाही म्हणा, तिला परवाना लागतो.

प्रकार कोणता? स्प्रिंगची, नळी मोडून ताणायची, जिला ब्रेक बॅरल म्हणतात ती. पीसीपी, म्हणजे टाकीत हवा भरून चालणारी, नेमाला नक्कीच सोपी जाते. पण तिच्याबरोबर दोनशे बारच्या घरात हवा भरणारा पंप वेगळा घ्यावा लागतो, आणि तो खर्च तुमच्या दहा हजारांत बसायचा नाही. देशी कंपन्यांमध्ये प्रेसीहोल ही महाराष्ट्रातलीच. तिच्या साध्या स्प्रिंग मॉडेलपासून बघायला सुरुवात करा, बजेट थोडं ताणावं लागलं तरी चालेल. पण खरं सांगायचं तर मी नावापेक्षा हातातल्या नगावर जास्त विश्वास ठेवतो. एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांमध्येही फरक पडतो.

दुकानात काय तपासायचं ते जरा नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. नळी मिटवून दस्ता एका हातात धरा आणि दुसर्‍या हाताने नळी डावी-उजवीकडे हलवा. जरासुद्धा खुळखुळली तर ती बंदूक परत ठेवा. नळी दर वेळी वेगळ्या जागी बसणार असेल तर घरी कितीही सराव करा, उपयोग नाही. मग नळी मोडा आणि तोंडाशी असलेली रबरी चकती बघा. ती कापलेली किंवा चपटलेली नको. नंतर छर्रा भरून, दुकानामागच्या सुरक्षित जागी उडवताना त्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवायला सांगा. पट्टी उडाली की समजायचं, हवा सांध्यातून निसटतेय. शेवटी ट्रिगर. तो हलका असलाच पाहिजे असं नाही, पण कुठे सुटणार हे बोटाला कळलं पाहिजे. करकरत, अडखळत सुटणारा ट्रिगर नेमाचं सगळ्यात जास्त नुकसान करतो. छर्रा न भरता मात्र घोडा दाबायचा नाही, दुकानातही नाही आणि घरीही नाही. पुढे हवेचा अडसर नसला की पिस्टन नळकांड्याच्या टोकावर आदळतो.

मुलीला सोबत न्या. ताण द्यायला किती जोर लागतो ते तिनेच करून बघू दे. तीन किलोच्या आत-बाहेरची बंदूक तिला उभ्याने पेलते का तेही बघा. जोरदार बंदुकीला ताणही जोरात द्यावा लागतो, मुलं दहा-पंधरा छर्‍यांत दमतात आणि मग हात थरथरायला लागतो. कमी वेगाची बंदूक घ्यायचं हेही एक कारण. आणि तिला पहिल्याच दिवशी शिकवा: छर्रा भरत असताना दुसर्‍या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची. नळी सुटून झटक्यात मिटली तर बोटं जातात.

दुर्बीण आत्ता नको. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो, त्यात साधी दुर्बीण मोडते. शिवाय ती लांबच्या अंतरासाठी जुळवलेली असल्याने दहा मीटरवर धूसर दिसते. पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंटा) आणि मागची खाच, एवढ्यावर शिका. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइटचा, म्हणजे अशाच माशी-खाचेच्या नेमाचा, वेगळा गट असतो, म्हणजे हे शिकलेलं मुलीच्या पुढे कामालाच येईल. धरताना पुढचा हात घट्ट आवळू नका. दस्ता तळहातावर नुसता टेकवा आणि बंदुकीला तिचा धक्का घेऊ द्या. दर वेळी तस्संच धरलं की छर्रे जवळजवळ पडू लागतात.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला बसलो ते: छर्रा अडवायची सोय. दहा हजारांतले हजार-दीड हजार आधी याला काढून ठेवा, बंदूक नंतर. जाड लाकडी खोका घ्या, त्यात रद्दी घट्ट दाबून भरा. आपल्याकडे घरोघरी नई दुनिया पेपरचे गठ्ठे निघतातच. वीतभर जाडीचा घट्ट गठ्ठा या ताकदीच्या छर्‍याला पुरतो, पण मधला भाग चाळणीसारखा होत जातो, म्हणून गठ्ठे अधूनमधून बदलायचे. खोक्याच्या मागे पोती रचा, आणि त्यांत नर्मदेची रेती चाळून भरा. आपली काळी माती नको, वाळली की तिची ढेकळं होतात, शिवाय खडे राहतात आणि खड्यावरून छर्रा उलटा येतो. ही भिंत टार्गेटपेक्षा चांगली दोन-तीन फूट उंच हवी. वर सुटलेला छर्रा तीनशे मीटरपेक्षाही लांब जाऊ शकतो, आणि आपल्या कॉलन्यांमध्ये तेवढ्यात चार गल्ल्या, गच्च्यांवरची मुलं आणि वाळत घातलेले कपडे येतात. अंगणाच्या त्या टोकाला दार, खिडकी किंवा जायची वाट असेल तर दिशा बदला. जागा नसेल तर अंगणात नेमबाजी करूच नका, क्लबात जा. डोळ्यांना चष्मा दोघांनीही लावायचा, बघत उभं असणार्‍यानेही. लोखंडी गोळ्या आणू नका, त्या उसळून परत येतात आणि नळीच्या आतले आटेही खराब करतात.

पस्तीस फुटांत दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट, कागदावर बसतात. पण मागे तुम्ही उभे राहणार आणि पुढे खोका नि पोती. प्रत्यक्षात सातच मीटर मिळतील. हरकत नाही. टार्गेट सत्तर टक्क्यांवर छापून घ्या, 45.5 मिलिमीटरचं अख्खं वर्तुळ 32 चं होईल आणि डोळ्याला दहा मीटरइतकंच दिसेल.

छर्रे सपाट डोक्याचे घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं आणि गुण वाचता येतात. सुरुवातीला दोन-तीन प्रकारचे एकेक डबे आणा आणि बंदूक टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच मारून बघा. मधोमध लागले का ते बघू नका, एकमेकांच्या किती जवळ लागले ते बघा. मध्य साइट फिरवून आणता येतो. तुमच्या नळीला जो मानवेल तोच पुढे घ्यायचा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून तोंडात धरायचे नाहीत आणि नंतर साबणाने हात धुवायचे. हे मुलीला दर वेळी सांगावं लागेल, सांगा.

कायद्याचं थोडक्यात: विकत तुम्ही घ्या, तिच्या नावावर नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, पक्कं बिल घेऊन जपून ठेवा. रस्त्याने नेताना बंद पिशवीत, कारण लांबून ती खर्‍या बंदुकीसारखीच दिसते. शेजार्‍यांना आधी जाऊन सांगा, जमलं तर खोका आणि पोती दाखवा. आणि कबुतर असो, साळुंकी असो, खार असो, कुठल्याही जिवावर नेम धरायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

मुलीला खरंच गोडी लागली तर वर्षभरात तिला या बंदुकीची मर्यादा जाणवेल. तेव्हा महागडी रायफल घ्यायची घाई करू नका, आधी क्लबात प्रशिक्षकाला दाखवा. राज्याची शूटिंग अकादमी भोपाळला आहे. खरगोनचा नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर तिथूनच पुढे आला. इंदूरजवळच्या महूला सैन्याचं निशाणेबाजीचं केंद्र आहे, 2012 च्या ऑलिंपिकचा रौप्यपदक विजेता विजय कुमार तिथे घडला. या खेळाची जाण असलेली माणसं आपल्या भागात भेटतात, विचारायला लाजू नका.

अंगणाची रुंदी आणि त्या टोकापलीकडे काय आहे, एवढं लिहून कळवा. म्हणजे खोका कुठे ठेवायचा आणि पोती किती लागतील ते सांगतो.