साइडकारवाली बाइक घेण्याआधी कोणता रुग्ण न्यायचा ते ठरवा

तुम्ही विचारलंय की धडगावकडच्या पाड्यांवरून अजून रुग्ण झोळीत घालून डांबरीपर्यंत आणावा लागतो, मंडळाकडे देणगी आली आहे, तर साइडकारवाली बाइक ॲम्ब्युलन्स घ्यावी का? आदिवासी भागात आरोग्याचं काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यावरून सांगते. आत्ताच घेऊ नका.

बाइक ॲम्ब्युलन्स या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. मुंबईत २०१७ साली १०८ च्या बाइक सुरू झाल्या, गोव्यात २०१८ साली. त्या ऑक्सिजन आणि औषधं घेऊन प्रशिक्षित माणसाला रुग्णापर्यंत पोचवतात आणि मोठी गाडी येईपर्यंत तो रुग्ण सांभाळतो. तुमच्या पाड्याजवळ असा माणूस राहतच नसेल तर ती गाडी कोणाला आणणार?

दुसरी रुग्ण नेणारी. मलावीतल्या मांगोची जिल्ह्यात तीन आरोग्य केंद्रांना स्ट्रेचरची साइडकार जोडलेल्या बाइक दिल्या होत्या, अडलेल्या बायांसाठी. मोठ्या दवाखान्यात पोचायला लागणारा वेळ २ ते ४.५ तासांनी घटला आणि बाइकची किंमत मोटार ॲम्ब्युलन्सच्या एकोणिसाव्या हिश्श्याएवढी पडली. आकडे मोलाचे आहेत. पण साइडकारला रुंद वाट लागते, पायवाटेवर ती चालत नाही. आपल्याकडे साइडकार डावीकडे असते, आणि रिकामी असली की डाव्या वळणावर तिचं चाक उचललं जातं. वर्षानुवर्षं बाइक चालवणारा पोरगाही तिथे फसतो, कारण वळताना कलायची सवय या गाडीवर कामाची नाही. चालक वेगळा तयार करावा लागतो, आणि तो रोजगारासाठी गुजरातेत गेला की गाडी शेडमध्ये उभी.

माझ्या मते तुम्हाला सगळ्यात जवळचं उदाहरण नेपाळचं आहे. दमक भागातल्या चार गावांत सर्पदंशासाठी गावातल्याच बाइकवाल्या स्वयंसेवकांची फळी उभी केली, जोडीला लोकशिक्षण केलं. साप चावलेल्यांत दगावणाऱ्यांचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आलं. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पद्धत साधी: पुढे चालक, मध्ये रुग्ण, मागे त्याला धरून बसणारा तिसरा. मागच्याचं काम सगळ्यात अवघड. नाग किंवा मण्यार चावली असेल तर वाटेतच पापण्या जड होतात, मान पडते, लाळ गिळता येत नाही. त्याने मान सावरून धरायची, तोंड पुढे-खाली ठेवायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं. चावलेल्या हाताला वा पायाला फळी बांधून हालचाल थांबवायची, करकचून दोरी बांधायची नाही, रुग्णाला चालू द्यायचं नाही. निघतानाच १०८ ला फोन करायचा, म्हणजे बाइक डांबरीपर्यंत आणि पुढे मोठी गाडी. ही फळी उभी करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पविषावरची लस शिल्लक आहे का आणि रात्री ती देणारं कोणी असतं का, हे स्वतः जाऊन बघा. नसेल तर तुमचे स्वयंसेवक रुग्णाला वेगाने चुकीच्या जागी पोचवतील.

ट्रिपल सीट कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणून पोलीस ठाण्यात आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे ही व्यवस्था आधीच लेखी कळवा.

बाळंतपणाचं मात्र वेगळं आहे. कळा वाढलेल्या किंवा रक्तस्राव होत असलेल्या बाईला आडवंच न्यायला हवं, तिला सीटवर बसवू नका. झाडावरून पडून मानेला-पाठीला मार लागलेल्यालाही नाही. त्यांच्यासाठी झोळीपेक्षा चांगलं, पट्टे असलेलं घडीचं स्ट्रेचर घ्या आणि उचलणारे चार-सहा जण ठरवून ठेवा. बाळंतपणाची अंदाजे तारीख तर आधीच माहीत असते. आशाताईंना सोबत घेऊन बाईला आठवडाभर आधी माहेरघरात (बाळंतपणाआधी राहण्यासाठी आरोग्य केंद्रापाशी असलेली सोय) किंवा दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे न्यायची सोय करा. घरची पोरं-गुरं कोण बघणार, हे सुटल्याशिवाय ती हलणार नाही, तेव्हा तो खर्चही देणगीतून धरा.

राहिलेले पैसे पेट्रोलसाठी ठेवा. पंपावर मंडळाच्या नावाने खातं उघडा, वहीत तारीख, पाडा आणि रुग्ण कुठे पोचवला याची नोंद ठेवा, आणि चालकाचा बुडालेला रोज द्या. पाड्यापासून डांबरीपर्यंतची वाट किती रुंद आहे आणि पावसाळ्यात मध्ये कोणता नाला अडवतो, तेवढं कळवा. वाट खरंच जीप जाईल एवढी असेल तर साइडकारचा विचार पुन्हा करू.