पालकांशी बोलताना पोराला दुभाषा करू नकोस

अगं, नवीन टीचर हमखास करतात ती चूक म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या पालकांशी बोलताना मुलालाच दुभाषा करणं, मीही केलीये, पोरगं नेमकं मार्कांचं वाक्य गाळतं आणि आई हसून मान डोलावते. अमेरिकेत 1964च्या सिव्हिल राइट्स ॲक्टच्या टायटल सिक्समुळे (म्हणजे केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश किंवा मूळ देशावरून भेदभाव करायला मनाई करणारा भाग) पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देणं शाळेचं काम आहे, तेव्हा ऑफिसकडे इंटरप्रिटर बिनधास्त माग, पालकांना त्याचे पैसे पडत नाहीत. बोलताना बघायचं आईकडे, इंटरप्रिटरकडे नाही, आणि वाक्यं छोटी. ‘समजलं का’ विचारूच नको, सगळे हो म्हणतात, ‘घरी आता काय कराल’ असं विचार. पहिला फोन मात्र कौतुकाचा कर, आणि चिठ्ठ्यांवर विसंबू नकोस, लांबलचक इंग्रजी चिठ्ठ्या दप्तरातच राहतात बघ.