जुना लाकडी रोलर कोस्टर हौशी लोकांनी वाचवणं इतकं अवघड का असतं?
पैसा लागतोच, पण मला विचाराल तर खरं घोडं मालकीपाशी अडतं. इंग्लंडमधल्या मार्गेटचा 1920 सालचा लाकडी रोलर कोस्टर, 'सीनिक रेल्वे', बघा. 2002 मध्ये तिला वारसा म्हणून संरक्षण मिळालं, 2003 मध्ये ती ज्यात आहे तो ड्रीमलँड पार्क वाचवायची मोहीम उभी राहिली. पण दुसऱ्याच्या जागेत एक सडकी फळीसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही. एप्रिल 2008 मध्ये आग लागून सांगाड्याचा सुमारे पाव भाग जळाला. फार वाईट वाटतं. अखेर स्थानिक कौन्सिलने सक्तीने जागा घेतली, तेव्हा कुठे 2015 मध्ये गाडी पुन्हा धावली. शिवाय इथे ब्रेकवाला गाडीवरच बसून, उतारावर हाताने वेग आवरतो. असा माणूस तयार करणं, विमा, तपासण्या, सततची लाकूडदुरुस्ती हे सगळं नुसत्या उत्साहावर निभत नाही.