जास्त दूध देणाऱ्या गायींना कासदाह (संसर्गानं कासेला येणारी सूज) जास्त का होतो? वळू निवडून तो कमी करता येतो का?

तुम्ही असंही लिहिलंय की कासदाहाची आनुवंशिकता जेमतेम ४ टक्के असते, मग निवडीचा उपयोग काय. आधी त्याचंच उत्तर देतो: उपयोग होतो, नक्की होतो. पैदाशीच्या नोंदींवर मी बरीच वर्षं काम करतोय आणि '४ टक्के म्हणजे नगण्य' हा समज मला सगळ्यात जास्त सलतो, कारण तो धरून लोक आजारांच्या नोंदीच ठेवत नाहीत.

गायी-गायींत जो फरक दिसतो त्यातला ४ टक्के वाटा जनुकांचा. बाकीचा गोठा, दूध काढण्याची पद्धत, जंतू, वेत यांचा. त्यामुळे एका गायीच्या आजारावरून तिच्या जनुकांबद्दल फारसं काही कळत नाही. वळूच्या पुष्कळ मुली एकत्र पाहिल्या की कळतं. दुधाची आनुवंशिकता ३० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून १२-१३ मुलींच्या नोंदींवरच वळूबद्दलच्या अंदाजाची विश्वसनीयता ५० टक्क्यांवर जाते. कासदाहासाठी तेवढीच विश्वसनीयता गाठायला साधारण १०० मुली लागतात. कष्ट जास्त, पण काम होण्यासारखं आहे.

नॉर्वेनं ते करून दाखवलं. तिथे १९७५ पासून देशभर गायींवरच्या उपचारांची नोंद त्या-त्या गायीच्या नावावर होऊ लागली आणि १९७८ पासून वळू निवडताना कासदाह धरला जाऊ लागला. तिथल्या लाल गायींतली कासदाहाची आनुवंशिक प्रवृत्ती उतरत गेली, दूधही वाढत राहिलं.

आता मूळ प्रश्न. दूध आणि कासदाह यांचा जनुकीय संबंध प्रतिकूल आहे: नुसत्या दुधावर निवड करत गेलात तर आजारही पिढ्यानपिढ्या हळूहळू वाढतो. एक कारण शरीरातलंच. व्याल्यानंतरचे काही आठवडे गाय खाते त्याहून जास्त ऊर्जा दुधात घालते, अंगावरची चरबी वितळते, आणि नेमकी त्याच वेळी तिची प्रतिकारशक्तीही दबलेली असते.

काही वेळा तर एकच जनुकीय बदल दोन्हीकडे हात मारतो. कासदाहाचं नाही, गर्भधारणेचं उदाहरण देतो, कारण इतकं स्पष्ट दुसरं मला माहीत नाही. नॉर्डिक लाल गायींत १२व्या गुणसूत्रावरचा डीएनएच्या सुमारे ६ लाख ६० हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला आढळला. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रतींत तो तुकडा नसेल तर गर्भ सुरुवातीलाच मरतो. गोठ्यातल्या वहीत एवढंच लिहिलं जातं: 'उलटली'. वार नाही, रक्त नाही, गाय पुन्हा माजावर आली इतकंच. असा घातक दोष खरं तर दुर्मीळ असायला हवा. पण डेन्मार्कमध्ये १३, स्वीडनमध्ये २३ आणि फिनलंडमध्ये ३२ टक्के लाल गायी त्याच्या वाहक, म्हणजे एकाच प्रतीत तो दोष असलेल्या, निघाल्या. कारण अशी वाहक गाय जास्त दूध देते! दुधासाठी निवडता निवडता माणसानंच तो दोष पसरवला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ जुन्या वह्यांतल्या 'उलटली'च्या नोंदी चाळत बसलो होतो.

तुम्ही काय करावं? वळू निवडताना दुधाच्या आकड्याशेजारी मुलींच्या दुधातल्या सोमॅटिक सेलचा (कासेला संसर्ग झाला की दुधात वाढणाऱ्या पेशींचा) आणि गर्भधारणेचा आकडा मागा. सेलची आनुवंशिकता कासदाहाच्या नोंदींपेक्षा जास्त, १० ते १५ टक्के असते, आणि दुधाचा नमुना तपासला की आकडा हातात येतो. वाहक वळूचं रेतन वाहक गायीला कधीही करू नका. दर चार गर्भांतला एक सरासरीनं जातो. जीनोमिक चाचणीनं, म्हणजे डीएनए तपासून, आता वासरू जन्मल्याबरोबर अंदाज मिळतो, पण तो अंदाजही कुणीतरी गोठ्यात बसून लिहिलेल्या आजारांच्या नोंदींवरच शिकवलेला असतो. म्हणून कासदाह झाला की तारीख, कितवं वेत आणि कोणतं सड, एवढं तरी त्याच दिवशी लिहून ठेवा.