खर्रा खाणाऱ्या बाबांसाठी कॅन्सर मार्करचं पॅकेज करावं का?

भाऊ, बाबा ५६ वर्षांचे, कित्येक वर्षांपासून खर्रा (तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला) खातात, त्रास काही नाही, आणि लॅबवाला सीईए, सीए १९-९, पीएसए अशा कॅन्सर मार्करच्या, म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणाऱ्या पदार्थांच्या, टेस्टचं 'कॅन्सर पॅकेज' सुचवतोय. करावं का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: ते पैसे ठेवा आणि बाबांचं तोंड आधी तपासून घ्या. माझी सगळी नोकरी लॅबमध्येच झाली, त्यामुळे हे पोटतिडकीने सांगतोय.

सीईए आणि सीए १९-९ मुख्यतः कॅन्सरचं निदान झालेल्या रुग्णात उपचार लागू पडतोय का, हे बघायला वापरतात. निरोगी माणसात ते फसवतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं सीईए तसंही वाढलेलं असू शकतं. पित्ताची नळी खड्याने अडली तरी सीए १९-९ चढतं. पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीची टेस्ट, ते लघवीच्या जंतुसंसर्गानेही वाढतं. ती टेस्ट करायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलून वेगळं ठरवा.

हिशेब करून बघा. समजा १०,००० लोकांत खरे आजारी १० आहेत. टेस्ट त्यातले ९ पकडते आणि दर १०० निरोगी माणसांत फक्त ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. टेस्ट चांगलीच वाटते ना? पण त्या ९ जणांसोबत जवळपास ५०० धडधाकट माणसं घाबरून स्कॅन आणि बायोप्सीच्या (शरीरातला छोटा तुकडा काढून तपासण्याच्या) मागे लागतात.

आणि बाबांना मोठा धोका आहे तो तोंडाच्या कॅन्सरचा. तो लवकर पकडणारी भरवशाची रक्ततपासणी आज नेहमीच्या वापरात नाही. केरळात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसतं लोकांचं तोंड उघडून बघितलं, तेव्हा तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले; २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नागपुरात, जिथे चौकाचौकात खर्रा घोटला जातो, तिथे हे घराघरात माहीत असायला हवं.

आजच बाबांना खिडकीपाशी बसवा, टॉर्च घ्या. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, खर्रा ठेवतात ती जागा, सगळं बघा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा (हा जास्त धोक्याचा), दोन-तीन आठवड्यांत न भरलेला छाला, गाठ. तिखट झोंबतं का ते विचारा. बाबांची स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर खर्र्यातल्या सुपारीने गाल आखडायला लागले असं समजा. तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळणंही सुरक्षित नाही, सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे.

काही दिसलं नाही तरी नागपुरात मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात एकदा दाखवा. बायोप्सी सांगितली तर टाळू नका. सुई लागली की कॅन्सर पसरतो, या खोट्या भीतीपोटी लोक हातचे महिने घालवतात.

अजून एक. पॅकेजमध्ये एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट) असेल आणि घरात कुणाला सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल, तर ते लॅबला आधी सांगा. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे साखर वाढलेली असूनही आकडा कमी दिसू शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघणंच बरं.