रेव्हिटमधून पाइलचे कोऑर्डिनेट्स पायथनने काढले तर सर्व्हेशी जुळत का नाहीत?

तुम्ही लिहिलंय की रेव्हिट (इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) मधून पायथन स्क्रिप्टने पाइलच्या (जमिनीत खोल जाणारा पायाचा खांब) सेंटरचे एक्स-वाय काढले पण सर्व्हेच्या ड्रॉइंगशी एकही आकडा जुळत नाही, आणि वर साहेब म्हणतायत की स्क्रिप्टचा नाद सोड, टेबल हाताने भर. ते शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही.

आधी कामाचं. तुमचे आकडे फुटात आहेत. प्रोजेक्टचं युनिट काहीही ठेवा, रेव्हिट आतून फुटातच मोजतं, 304.8 ने गुणलं की मिलिमीटर. डायनॅमो (रेव्हिटमधलं ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं साधन) हे परस्पर करून देतो, म्हणून तिथून थेट एपीआयवर (कोडमधून रेव्हिटशी बोलायची सोय) आलेला माणूस एकदा तरी इथे आपटतोच. दुसरं म्हणजे लोकेशन पॉइंट (कोडला मिळणारा पाइलच्या जागेचा बिंदू) हा इंटरनल ओरिजिनपासूनचा, म्हणजे मॉडेलच्या आतल्या शून्यापासूनचा असतो, त्याला ना सर्व्हे पॉइंट (सर्व्हेच्या आकड्यांशी जोडलेला बिंदू) माहीत ना ट्रू नॉर्थ (खरी उत्तर दिशा). तो अ‍ॅक्टिव्ह प्रोजेक्ट लोकेशनच्या 'गेट प्रोजेक्ट पोझिशन' फंक्शनला द्या, ईस्टिंग-नॉर्दिंग (सर्व्हेतलं पूर्वेकडचं आणि उत्तरेकडचं अंतर) मिळेल. तेही फुटात, परत गुणा.

आता माझं ऐका. पुण्यातलीच साइट, 142 पाइल. आमचे सीनियर एकेका पाइलवर स्पॉट कोऑर्डिनेट (त्या जागेचे आकडे दाखवणारी खूण) टाकायचे, वाचायचे, एक्सेलमध्ये टाइप करायचे, दोन दिवस त्यातच. एकदा 378412 चं 378421 झालं. नऊ मीटर! सर्व्हेअर टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून खुंटी मारायला गेला तर पाइल शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तो हसला, फोन केला, आकडा बदलला, विषय संपला. तेव्हा कोणी म्हणालं नाही की हाताने टाइप करणं बंद करा.

मग मी स्क्रिप्ट लिहिली आणि सोमवारी यादी पाठवली. बुधवारी सुधारित सर्व्हे आला, सीनियरनी तो लिंक करून परत अ‍ॅक्वायर कोऑर्डिनेट्स (लिंक केलेल्या फाइलचे कोऑर्डिनेट्स उचलायची कमांड) मारलं आणि मला सांगितलंच नाही. त्याने मॉडेल जागचं हलत नाही त्यामुळे स्क्रीनवर कोणाला काही कळलं नाही, पण शेअर्ड (म्हणजे सर्व्हेच्या हिशेबातले) आकडे सगळे सरकले. शुक्रवारी ड्रॉइंग छापलं तर माझ्या यादीत आणि त्यात 1.2 मीटरचा फरक. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर, "बघा, स्क्रिप्टवर विसंबलं की असं होतं." अहो, 142 च्या 142 पाइलना तेवढाच फरक, त्याच दिशेला, म्हणजे हललंय ते शेअर्ड आकड्यांचं ओरिजिन! टायपिंगची चूक एका पाइलला होते, स्क्रिप्टमध्ये गडबड असती तर सोमवारीच दिसली असती, कारण सोमवारी मी चार कोपऱ्यांचे पाइल ताडून पाहिले होते. हे तिथेच बोलायला हवं होतं. ज्युनियर होतो, चहा पीत गप्प बसलो. सहा वर्षं झाली, अजून सलतं.

तेव्हा तुमच्या साहेबांना सांगा, वीस पाइल तुम्ही भरा, वीस मी काढतो, मग बघू. (नोकरी नवीन असेल तर नका सांगू.)

हां, खरं सांगायचं तर माझ्या यादीवर तारीख नव्हती आणि सर्व्हे पॉइंटचे आकडेही नव्हते, ते असते तर शुक्रवारी दोन मिनिटांत उलगडा झाला असता. आता पहिल्या दोन ओळी त्याच असतात. आणि सर्व्हेअरला आधी विचारा की त्याला नॉर्दिंग आधी हवं की ईस्टिंग, बरेच जण नॉर्दिंग आधी घेतात आणि रेव्हिटचा एक्स म्हणजे ईस्टिंग. पाइल जर पाइल कॅपच्या (पाइलच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा) फॅमिलीत (रेव्हिटमधला तयार घटक) नेस्टेड, म्हणजे आत बसवलेले असतील तर मी वर सांगितलेलं तसंच्या तसं चालणार नाही, कॅपचा पॉइंट मिळेल, पाइलचा नाही. नेस्टेड फॅमिली शेअर्ड करावी लागेल (ही फॅमिलीची सेटिंग, वरच्या शेअर्ड आकड्यांशी संबंध नाही).

एक्सेलमध्ये कसं लिहायचं ते राहिलंच. सीएसव्ही (स्वल्पविरामाने तोडलेली साधी फाइल) करा, एक्सेल उघडतं ते.