होमरने नोकरी सोडली, पण त्याआधी?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. चित्रकार व्हायचंय, पण कॉलेज नको म्हणते. ‘अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरने एकविसाव्या वर्षी नोकरी सोडली, मीही घरीच जलरंग करीन,’ असा तिचा हट्ट आहे. काय करावं? – एक आई

ताई, तुमच्या लेकीने आदर्श फार चांगला निवडलाय. ती सांगते ते खरंही आहे, फक्त गोष्ट तिने मधूनच सुरू केलीय.

होमरला जलरंग पहिल्यांदा दिसले ते घरात. त्याची आई हौसेने चित्रं रंगवायची. पुढे बोस्टनमधल्या बफर्डच्या शिळाछापखान्यात त्याने दोनेक वर्षं उमेदवारी केली. गाण्यांच्या पुस्तिकांची मुखपृष्ठं आणि सांगतील ते काम. ते त्याला अजिबात रुचलं नाही, एकविसाव्या वर्षी सोडली ती हीच नोकरी; पण हात बसला तो तिथेच. १८५७ पासून तो ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकासाठी चित्रं काढू लागला. तिथे चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरून छापायचे, आणि कोरणारा माणूस वेगळा. रंगाचा आधार नाही. काळं कुठे, पांढरं कुठे, हे चित्रकारानेच पक्कं ठरवायचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आघाडीवर जाऊनही त्याने रेखाटनं केली. न्यूयॉर्कला नॅशनल अकॅडमीत थोडे दिवस शिकलाही.

जलरंग त्याने मनावर घेतले ते १८७३ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्याच ग्लॉस्टरच्या समुद्रकाठी. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता! होड्यांत बसलेली मुलं, पाण्यावरचं ऊन. पांढऱ्यासाठी कोरा कागद कुठे राखायचा हे त्याला इतकं अचूक कळतं, त्यामागे मला तरी ठोकळ्यांवरची ती काळ्या-पांढऱ्याची वर्षं दिसतात. नियतकालिकांचं काम त्याने त्यानंतर दोन-तीन वर्षांनी थांबवलं. इंग्लंडमधल्या कलरकोट्सच्या कोळिणी, बहामाजचा समुद्र हे सगळं त्याही पुढचं.

म्हणून तिच्याशी पदवीवरून वाद घालू नका. ‘तुझा छापखाना कोणता?’ एवढंच विचारा. उपयोजित कलेची चार वर्षांची बी.एफ.ए. ही पदवी हे एक उत्तर आहे. सीईटीचा फॉर्म भरून ठेवा, भरल्याने काही अडकत नाही. एखाद्या प्रकाशनाकडे किंवा स्टुडिओत उमेदवारी, हे दुसरं. घरी बसून आवडेल तेवढंच रंगवणं मात्र मला पटत नाही. दुसऱ्याने दिलेला विषय ठरल्या दिवशी पुरा करायची सवय त्यातून लागणार नाही.

तिला एक गोष्ट द्या. आठ दिवसांत तिची पाच चित्रं, फक्त काळ्या शाईत. ती तिच्या जलरंगांसोबत मला पाठवा. दोन्ही शेजारी ठेवून पाहीन आणि तिलाच सविस्तर लिहीन.